सरळ व्हा म्हणेपर्यंत

अण्णा,

हे पत्र लिहायला मला एका तिशीतल्या मुलीनं सांगितलं आहे, नाहीतर तुम्हाला पत्र लिहिण्याची हौस मला तुम्ही होतात तेव्हाही नव्हती. ती मुलगी दर शनिवारी बदलापूरहून भिसेगावात येते आणि देवळामागच्या हॉलमध्ये आम्हा बायकांना भिंत ढकलायला, श्वास सोडायला, हातपाय झटकायला शिकवते. हसू नका. ज्यांच्या अंगात जुना मार किंवा जुनी भीती घर करून बसली आहे, त्यांच्यासाठी हा वर्ग आहे. गोळ्या खाऊन झाल्या, देवधर्म करून झाला, तरी ज्यांचं अंग ऐकत नाही अशा आम्ही. एकीचा नवरा दारू पिऊन मारायचा. तो मेला त्यालाही बरीच वर्षं झाली, पण दाराची कडी वाजली की ती अजून दोन्ही हात डोक्यावर घेते. दुसरी खोपोलीच्या घाटात टेंपो उलटला तेव्हा आत अडकली होती, ती खुर्चीवर बसली तरी काहीतरी घट्ट धरून बसते. आणि एक मी. माझं दुखणं म्हणजे तुम्ही, पण हे मी तिथं अजून तोंडातून काढलेलं नाही, कारण कर्जत तालुक्यात तुमचं नाव लोक आजही हात जोडून घेतात. शिकवणारी मुलगी म्हणाली, ज्याच्यामुळे अंग असं झालं त्याला पत्र लिहा, पाठवायचं नाही, नुसतं लिहा. तुम्हाला पाठवणार तरी कुठं? कडावच्या स्मशानात टपाल जात नाही.

मला काय होतं ते आधी सांगते, कारण तुमच्यासमोर ते कधी झालं नाही. मी पुढं वाकले, म्हणजे बादली उचलायला किंवा फरशीवर सांडलेले तांदूळ वेचायला, की कधीकधी तिथंच राहते. लोकांना वाटतं पाठ धरली. डॉक्टरांनी फोटो काढले, मणके तपासले, काही सापडलं नाही. दुखत काहीच नाही. वर यायचं असतं, पण कुणी सांगितलेलं नसतं, म्हणून येता येत नाही. तुमच्या जावयांना लग्नानंतर लवकरच याचा शोध लागला. ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहायचे, म्हणायचे, "गुरुजींची पोर अडकली वाटतं," आणि मग तुमच्यासारखा घसा खाकरून, "सरळ व्हा." मी सरळ व्हायची. आम्ही दोघं हसायचो. आयुष्यभर त्यांना ती गंमत वाटली आणि मीही तिला गंमतच म्हटलं. ते गेले आणि घरात ते दोन शब्द म्हणणारं कुणी उरलं नाही. मग मी वाकणंच बंद केलं. लांब दांड्याचा झाडू आणला, बादली स्टुलावर ठेवायला लागले, खाली पडलेली वस्तू पायानं भिंतीशी सरकवून ठेवायची आणि कुणी आलं की उचलून घ्यायची. खालापूरच्या कचेरीत नोकरी होती तोवर टेबलाशी बसून दिवस निघत होता. निवृत्त झाल्यावर नात माझ्याकडं आली आणि घोळ झाला.

माझ्या मुलीची नोकरी शिळफाट्याला, सकाळी ती पोरीला माझ्याकडं सोडून स्कूटीवर जायची. मागच्या थंडीतली गोष्ट. मोरीत बादलीभर कढत पाणी काढलेलं, पोर उघडी उभी, आणि मी विसण घालायला वाकते. तांब्या हातात आहे, थंड पाणी तांब्यात आहे, आणि मी थांबले आहे. पोर म्हणते, "आजी, घाल ना." मग तिनं स्वतःच बादलीत हात घातला. माझ्या डोळ्यांपासून तो हात वीतभर लांब होता. तिनं किंकाळी फोडली, हात लाल झाला, सगळं मला दिसत होतं आणि ऐकू येत होतं. हेल्मेट विसरलं म्हणून मुलगी जिन्यातून परत आली नसती तर पुढं काय झालं असतं ते मी मनात आणत नाही. तिनं पोरीला उचललं, हात नळाखाली धरला. "आई, ऊठ, आई, ऊठ ना," म्हणून ती ओरडत होती आणि मी तशीच. शेवटी तिनं माझे खांदे धरून मला सरळ केलं. फोड आले, सुकले, डाग राहिला नाही. पण त्या दिवशी मुलगी एवढंच म्हणाली, "आई, तू नुसती बघत होतीस." दुसऱ्या दिवसापासून पोर स्टेशनजवळच्या पाळणाघरात. संध्याकाळी दोघी माझ्याकडं यायच्या, पण मुलगी पोरीला क्षणभरही माझ्यापाशी एकटी ठेवायची नाही. पाणी प्यायला आत गेली तरी हाक मारून तिला बरोबर न्यायची. मला ती पोर परत हवी होती. त्या वर्गाला मी गेले ती फक्त त्यासाठी. तुम्हाला माफ वगैरे करायला मी गेले नव्हते, आजही त्यासाठी बसलेले नाही.

पहिल्याच शनिवारी काय झालं ते ऐका. शिकवणारी मुलगी म्हणाली, पाय जमिनीत रोवा, श्वास सोडा, मान सोडा, हात लोंबू द्या, अंग खाली जाऊ द्या, आणि तुम्हाला वाटेल तेव्हा, तुमच्या वेळेनं वर या. आम्ही सगळ्या वाकलो. हात एकीचेही लोंबले नाहीत. सगळ्यांनी पायाचे अंगठे धरले, गुडघे ताठ, अगदी शाळेत धरायचो तसे. "हात मोकळे सोडा," ती पुन्हा म्हणाली, अंगठे कुणी सोडेना. मग तिनं नाद सोडला. बायका फार रमल्यात असं तिला वाटलं असावं. पंखा फिरतोय, सगळ्या ओणव्या, कुणी वर येत नाही. माझ्या शेजारी माझीच वर्गमैत्रीण होती, तुमच्याच हाताखालची, आता कडावात दूध गोळा करते. त्या वर्गाला यायची तिची कारणं वेगळी आहेत, ती तिची. ती खालूनच म्हणाली, "बाई, आता सांगा की वो. डोक्यात रगात उतरलं."

"तुम्हीच ठरवायचंय ना," मुलगी म्हणाली.

"आमी कसं ठरवायचं?"

"बरं, या वर."

बाकीच्या आल्या. आम्ही दोघी कडावच्या मात्र खालीच. "तसं नाय," मैत्रीण म्हणाली, "सरळ व्हा म्हना." त्या पोरीनं बिचारीनं घाबरत घाबरत म्हटलं, "सरळ व्हा," आणि आम्ही दोघी ताड्‌कन उभ्या राहिलो. सगळा हॉल हसला. मैत्रीण डोळे पुसत म्हणाली, "आमचे गुरुजी गेले, पन आमाला सरळ व्हा सांगायचं राहूनच गेलं त्यांचं." मीही हसले. मी तुमची मुलगी हे त्या खोलीत फक्त तिला ठाऊक होतं, पण तिनं माझ्याकडं बघायचं टाळलं. शिकवणारी मुलगी मात्र हसली नाही. ती खाली सतरंजीवर बसली.

तुम्ही काय म्हणायचात ते मला पाठ आहे. शाळेत मी तुझा बाप नाही आणि घरी मी तुझा गुरुजी नाही. हा नियम तुम्ही इतका नेमानं पाळलात की लोक त्याची तारीफ करायचे. शाळेच्या पायरीवर तुम्ही सदऱ्याचं वरचं बटण लावायचात आणि भाषाच बदलायची. घरी "नाय, हाय, कुठं गेलतीस गं" म्हणणारा माणूस आत शिरला की "आपण", "कृपया", "उभे राहा". सकाळी सायकलवरून तुम्ही पुढं जायचात आणि मी मागून चालत यायची, कारण गुरुजींची मुलगी सायकलवर बसून शाळेत आली असं दिसायला नको. इतरांना पाढा चुकला तर एक छडी. मला अंगठे, आणि पाठीवर तुमचा लाकडी डस्टर. तो पडला तर छडी, आणि मग पुन्हा डस्टर. स्वतःच्या पोरीलाही गुरुजी सोडत नाहीत हे गावाला दिसायला हवं होतं, आणि ते दाखवायला तुम्हाला माझी पाठ सोयीची पडली. निळ्या फ्रॉकवर खडूचा चौकोन उमटायचा. आई फ्रॉक धुताना तो चौकोन आधी झटकायची. तिला कुणी काही सांगायची गरज नव्हती.

आणि निरगुडी. ओहोळाच्या काठची ती झुडपं अजून आहेत. सकाळी शाळेला जाताना तुम्ही सायकल थांबवायचात, एक सरळ फोक कापायचात, मुठीतून ओढून पाला काढायचात. फोक शाळेत जायची. पाला टाकायचा नाहीत, हँडलला अडकवलेल्या पिशवीत भरायचात. मला हे कितीतरी वर्षांनी लक्षात आलं, खालापूरच्या बसमध्ये बसल्या बसल्या, आणि मी एक स्टॉप आधीच उतरले. सकाळी छडी तयार करतानाच तुम्ही संध्याकाळच्या शेकाचीही तयारी करत होतात. तुम्हाला माहीत असायचं. चिडून, भान सुटून मारणारा बाप मला समजला असता, आमच्या वर्गातल्या निम्म्या बायकांच्या घरात तसलेच होते. तुम्ही कधी चिडलेले मला आठवत नाही.

संध्याकाळी चुलीवर तवा. आई तांदळाच्या भाकऱ्या थापतेय. तिची शेवटची भाकरी उतरली की तव्यावर तुम्ही पाला टाकता, तो करपायच्या आत फडक्यात बांधता आणि मला पालथं झोपवता. "कुठं पडलीस गं?" तुम्ही विचारता. मी सांगते, "पाय घसरला." तुम्ही म्हणता, "बघून चालावं, बाय." आई पाठमोरी असते, तिच्या हातातली परात जोरात वाजते. एकदा मी तिला विचारलं होतं की अण्णा असं का विचारतात. ती म्हणाली, "बाप हाय तुजा. शेकतोय ना मायेनं? मग गप ऱ्हा." आणि तिचं चुकलं नव्हतं, माया होतीच. तुमच्या हाताला गुण होता. कुठं दाबायचं, कुठं नुसतं ठेवायचं, हे तुम्हाला बरोबर कळायचं. मला तो शेक आवडायचा, अण्णा. शाळेत ओणवी असताना मी त्याची वाट बघायची. आता शिकवणारी मुलगी म्हणते की गरम पाण्याची पिशवी पोटाशी धरून शांत बसून बघा, बऱ्याच जणींना बरं वाटतं. माझ्या हातात पिशवी दिली आणि मला दरदरून घाम फुटला. तिनं लगेच काढून घेतली. शेक मिळायला आधी काहीतरी व्हावं लागतं, हे तुम्ही माझ्या अंगाला इतकं नीट शिकवलं आहे की ते मला आजतागायत विसरवता आलेलं नाही.

तो तपासणीचा दिवस तुम्ही सगळ्यांना सांगायचात, म्हणून मीही तुम्हाला सांगते. साहेब आलेले. त्यांनी मला विचारलं, आपल्या कर्जतवरून कोणती नदी वाहते. मी पाताळगंगा म्हणाले. आत्या खोपोलीला राहायची, नदीत मी डुंबले होते ती तिथलीच, तोंडात तीच आली. साहेब हसले. तुम्ही हसलात, आणि म्हणालात, "अंगठे धरा." डस्टर ठेवलात आणि साहेबांना चहाला घेऊन गेलात. चहा झाला, पोहे झाले, साहेबांना एसटीपर्यंत सोडायला तुम्ही स्टँडवर गेलात. घंटा झाली. पोरं पळाली. मैत्रीण, तीच दूधवाली, माझ्यापाशी थांबली, माझी वेणी हलकेच ओढली आणि म्हणाली, "चल गं, गेले ते." मी गेले नाही. ती थोडी थांबली, मग तीही गेली. कौलातून आलेला उन्हाचा तुकडा जमिनीवरून सरकतोय, माझ्या पायाच्या बोटांवरून मुंग्या चालल्यात, तोंडाला कोरड पडली आहे. मग पायाशी ओल झाली. अंगठे मी धरलेलेच होते, हातही भिजले. डस्टर पडला नाही.

तुम्ही जेवायला घरी गेलात तेव्हा आईनं विचारलं की पोर कुठाय. मग तुम्ही परत आलात. सायकल टेकवल्याचा आवाज मी ओळखला. तुम्ही दारात उभे राहिलात. तुम्ही धावत याल असं मला वाटलं होतं, हे मी आज पहिल्यांदा लिहितेय. तुम्ही सदऱ्याचं वरचं बटण लावलंत, मला पायांमधून उलटं दिसलं ते. जवळ आलात, डस्टर उचललात, फुंकर मारून टेबलावर ठेवलात आणि मग म्हणालात, "सरळ व्हा." शाळेच्या फाटकाबाहेर आल्यावर तुम्ही बटण काढलंत आणि मला कॅरिअरवर बसवलंत. "उशीर झाला का गं? भूक लागली आसंल." स्टँडवरच्या दुकानातून श्रीखंडाच्या गोळ्या घेऊन दिल्यात, दोन्ही मुठी भरून. घरी आईला सांगितलंत, "पाय घसरला तिचा. ओहोळात पडली, म्हनून कपडे ओले." पाय घसरला हे उत्तरही मला तुम्हीच दिलेलं होतं. आईनं पातेलं भरून पाणी तापत ठेवलं. तुम्ही पाला काढलात.

दुसऱ्या दिवशी वर्गात तुम्ही मला उभं केलंत. शाळा सुटली तरी ही हलली नाही, म्हणालात, याला शिस्त म्हणतात. पोरांनी टाळ्या वाजवल्या. माझी मान ताठ झाली होती. त्यानंतर मॅट्रिक झाले, नोकरी लागली, मुलगी झाली, पण त्या दिवशी वाटला तितका अभिमान मला पुन्हा कधी वाटला नाही. तुम्ही गेलात तेव्हा शोकसभेत सरपंचांनी हीच गोष्ट सांगितली. "गुरुजी इसरले, पन पोरगी जाग्यावरनं हलली नाय. आसं शिक्षान व्हतं." लोकांनी डोळ्यांना रुमाल लावले. मी पहिल्या रांगेत बसले होते आणि सगळे माझ्याकडं कौतुकानं बघत होते. मला उठून जायचं होतं, पण कार्यक्रम संपेपर्यंत मी उठले नाही.

शेवटच्या वर्षात तुमची पाठ गेली. आई आधीच गेलेली, मी रजा टाकून कडावला येऊन राहिले. तुम्ही पडला वगैरे नव्हतात, वयानं मणके झिजले होते, डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं. मी ओहोळावर जाऊन पाला आणला, तव्यावर टाकला, फडक्यात बांधला. तुम्हाला पालथं केलं. तुमची पाठ मी पहिल्यांदाच उघडी बघत होते. बारकी पाठ, वर एक छडीचा वळ नाही. शेक ठेवला आणि अगदी तुमच्याच सुरात विचारलं, "कुठं पडलात, अण्णा?"

तुम्ही उशीत तोंड घातलंत. मग म्हणालात, "पाय घसरला."

"बघून चालावं," मी म्हटलं.

यावर आपलं आयुष्यात झालेलं बोलणं एवढंच. तोवर मी स्वतःची समजूत घालत होते की तुम्हाला कळतच नव्हतं, तुमच्या मनात दोन वेगळे कप्पे होते आणि एकाला दुसऱ्याची खबर नव्हती. त्या दिवशी मला कळलं की तुम्हाला सगळं आठवत होतं, अगदी शब्दन्‌शब्द. तुम्ही विसरला असतात तर मी तुम्हाला सोडून दिलं असतं. पुढचा महिनाभर मी तुम्हाला रोज शेकलं आणि रोज तोच प्रश्न विचारला. तुम्ही रोज उत्तर दिलंत. शेवटी शेवटी मी नुसती फडक्याची गाठ मारली तरी तुम्ही आधीच उशीत तोंड घालायचात. मला बरं वाटायचं.

असो. वर्गात मला गुण आला नाही असं नाही, शिकवणाऱ्या पोरीवर अन्याय नको. तिनं मला खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून अर्धंच वाकायला शिकवलं. वाकायचं, थांबायचं, मान फिरवून खोलीत काय काय आहे ते बघायचं: खिडकी, कॅलेंडर, कोपऱ्यातली निळी टाकी. पाय जमिनीला लागलेत ना ते बघायचं. अंग अडकायच्या आतच वर यायचं. मार कधीच संपला हे डोक्याला माहीत असतं, म्हणाली, पाठीला ते कुणी कळवलेलं नसतं, आपण तिला हळूहळू कळवायचं. पहिल्या वेळी माझ्या मांड्या लटलट कापायला लागल्या. ती म्हणाली, कापू द्या, थांबवू नका. मला लाज वाटत होती. मैत्रीण जवळ आली आणि म्हणाली, "धरू का गं?" तिनं विचारलं आणि मी हो म्हणेपर्यंत ती थांबली. मग माझं कोपर धरून उभी राहिली. माझ्या अंगाला हात लावायच्या आधी मला असं कुणी विचारलेलं मला आठवत नाही. त्या दिवसापासून मला झोप बरी लागायला लागली, हे खरं आहे.

पण गुडघ्याच्या खाली गेले की मी अडकायचीच. शिकवणाऱ्या मुलीनं सांगितलं होतं, मनात म्हणा, मी वर येतेय. तुमच्या स्वतःच्या आवाजात म्हणा. मी घरी ओट्याशी रोज म्हणायची. मी वर येतेय, मी वर येतेय. शेजारच्या घरात रेडिओ लागल्यावर आपण जेवढं लक्ष देतो तेवढंच माझी पाठ लक्ष द्यायची. एकदा सिलिंडरचा कॉक बंद करायला वाकले आणि राहिले. वर भात लागल्याचा वास यायला लागला. नातीचा तो हात डोळ्यांसमोर आला, आणि मला इतका संताप आला की घशातून आपोआप तुमचा आवाज निघाला. "सरळ व्हा." मी ताठ उभी होते. भात करपला होता, मी गॅस बंद केला आणि पातेलं पाण्यात टाकलं. तेव्हापासून मी तेच करते. तुमचा आवाज मला हुबेहूब जमतो, जावयांना जमायचा त्याहूनही छान. आता मी कुठंही वाकते.

वर्गात सांगितलं की माझ्याच आवाजानं गुण आला. शिकवणाऱ्या पोरीचे डोळे भरून आले, तिनं मला सगळ्यांसमोर सांगायला लावलं, मी सांगितलं. बाहेर चपला घालताना मैत्रीण हळूच म्हणाली, "कुनाचा आवाज गं?" मी म्हटलं, "माझाच." "बरं," ती म्हणाली आणि रिकामे कॅन टेंपोत चढवायला निघून गेली. माझ्या मुलीसमोर मी पुन्हा पुन्हा वाकून दाखवलं, बादली भरून उचलून दाखवली. ओठातल्या ओठात काय म्हणते ते तिला ऐकू गेलं नाही. तिनं मला मिठी मारली. गेल्या महिन्यापासून पोर परत माझ्याकडं आहे. सकाळी जिन्यातून "आजी" अशी हाक येते आणि मुलगी खालूनच हात हलवून निघून जाते.

सकाळी मी व्यायाम करते तेव्हा पोर शेजारी उभी राहते. माझ्याबरोबर भिंत ढकलते, हातपाय झटकते, हसून हसून लोळते. मी वाकले की तीही वाकते. तिनं अंगठे धरले तेव्हा मी चमकले, कारण मी तिला ते शिकवलेलं नाही. माझं बघून धरले असतील. मी "सरळ व्हा" म्हणते आणि दोघी उभ्या राहतो. तिला तो खेळ फार आवडतो. परवा मी ओठातल्या ओठात म्हटलं आणि एकटीच वर आले. ती खालीच राहिली. झगा वर सरकलेला, बारकी पाठ, वेणी जमिनीला टेकलेली. "आजी, म्हण ना," ती खालून म्हणाली. मला फक्त दोन शब्द म्हणायचे होते. तिचे गुडघे जराही वाकले नव्हते, पाठ इतकी सपाट होती की काहीही ठेवलं असतं तरी पडलं नसतं. मी स्वयंपाकघरात जाऊन गॅसवरचं दूध बघून आले. परत आले तर ती तशीच. मग म्हटलं. ती उभी राहिली, तोंड लालबुंद, हसत होती. "किती वेळ ऱ्हायले ना मी, आजी?" मी तिला शाब्बास म्हणाले आणि तिचा चेहरा फुलला.

शिकवणारी मुलगी म्हणते, पत्र शनिवारी घेऊन या, वाटलं तर वाचा, नाहीतर आपण सगळ्या मिळून जाळू. मी तिला सांगणार आहे की माझ्याच्यानं लिहून झालं नाही. माझ्या मुलीला यातलं काही कळता कामा नये, ती पोरीला पुन्हा माझ्या दारात उभं करणार नाही. तुम्हाला सांगायला हरकत नाही. गॅसवर दूध नव्हतं, अण्णा.